चोर सोडून संन्याशाला पासवर्ड

सप्टेंबर २००८मध्ये ‘स्पोअर’ नावाचा कॉम्प्युटर गेम बाजारात आला. करणारा माणूस साधासुधा नव्हे. ‘सिमसिटी’ आणि ‘द सिम्स’वाला विल राइट. गेमची कल्पनाही त्याला शोभेल अशीच. पाण्यात तरंगणाऱ्या एकपेशीय जीवापासून सुरुवात करायची, त्याला पाय फुटवायचे, डोळे चिकटवायचे, टोळी करून द्यायची, नगर वसवून द्यायचं आणि शेवटी अवकाशयानात बसवून आकाशगंगेत सोडून द्यायचं. अब्जावधी वर्षांची उत्क्रांती एका डीव्हीडीत! ती डीव्हीडी विकत घेणाऱ्याला मात्र कंपनीने तीनच जन्म दिले होते.

म्हणजे असं, की गेम कॉम्प्युटरवर टाकला की तो आधी इंटरनेटवरून कंपनीकडे वर्दी द्यायचा, ‘अमक्याच्या यंत्रात उतरलो आहे.’ कॉम्प्युटर बदलला किंवा त्याच्या आतला बराचसा ऐवज बदलला, की एक जन्म संपला. तीन संपले की इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीला फोन करून आपण सज्जन असल्याचं पटवून द्यायचं. तीन बिऱ्हाडं बदलून झाल्यावर चौथ्या घरी कुकरने शिट्टी द्यायला नकार द्यावा आणि ‘आधी कारखान्याला विचारा’ म्हणावं, तशातला प्रकार. या पहारेकऱ्याचं नाव ‘सेक्युरॉम’. अशा सगळ्या बंदोबस्ताला मिळून ‘डिजिटल राइट्स मॅनेजमेंट’, लाडाने डीआरएम, म्हणतात. त्यातले ‘राइट्स’ कुणाचे, हे नावात सांगितलेलं नाही.

गिऱ्हाईक चिडलं, आणि चिडलं ते रीतसर. अॅमेझॉनवर ‘स्पोअर’ला एक तारा देणाऱ्यांची रांग लागली, थोड्याच दिवसांत असे शेरे दोन हजारांच्या वर गेले. गेममध्ये हवा तसा प्राणी घडवायची सोय होती, तिचा फायदा घेऊन काहींनी डीआरएमचा निषेध करणारे प्राणीच घडवले. निषेधासाठी उत्क्रांती राबवल्याचं हे बहुधा पहिलंच उदाहरण. पुढे अमेरिकेत खटलाही गुदरला गेला. कंपनीच्या प्रमुखांचं म्हणणं असं, की ९९.८ टक्के गिऱ्हाइकांना हे कुलूप जाणवणारसुद्धा नाही. उरलेले ०.२ टक्के सगळेच्या सगळे अॅमेझॉनवर टपून बसले असावेत.

आणि चोर? त्यांच्याकडे गेम दुकानात येण्याआधीच पोचला होता, तोही कुलूप काढून. टॉरेंटफ्रीक या संकेतस्थळाच्या मोजणीनुसार ‘स्पोअर’ त्या वर्षी सर्वांत जास्त चोरला गेलेला गेम ठरला. १७ लाख वेळा. चोराच्या प्रतीला तीन जन्मांची अट नव्हती, फोन नव्हता, पटवून देणं नव्हतं. पैसे मोजले तर तीन, नाही मोजले तर अमर्याद. ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ ही म्हण मराठीत कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीपासून आहे. पण संन्याशाकडून फासाच्या दोराचे पन्नास डॉलर आगाऊ घेण्याची कल्पना मात्र नवी होती.

कुलपाची हौस तशी जुनीच. इंटरनेट घरोघरी पोचण्याआधी कुलपं कागदाची असत. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा १९८९चा गेम आज चाळिशीत असलेल्या पुष्कळ मराठी माणसांनाही आठवत असेल. पहिली पातळी पार करून राजपुत्र धापा टाकत एका दालनात येतो, तर तिथे औषधाच्या बाटल्याच बाटल्या, प्रत्येकीवर एकेक इंग्रजी अक्षर. खालून प्रश्न येतो: माहितीपुस्तिकेच्या अमुक पानावर, तमुक ओळीतल्या तमक्या शब्दाचं पहिलं अक्षर कोणतं? चुकीची बाटली प्यायलात की राजपुत्र आडवा. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या कॉम्प्युटर क्लासांतून हा राजपुत्र फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उड्या मारत आला. पुस्तिका काही फ्लॉपीत मावली नाही. तेव्हा अख्खी राजकन्या पणाला लागलेली असताना बाटल्यांची ही खोली म्हणजे सर टेबलामागे कॉपी पकडायला बसलेले असावेत तशी वाटे. नशिबाने काही प्रतींत हे सर आधीच कुणीतरी रजेवर पाठवलेले असत.

‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ने १९९०मध्ये पुठ्ठ्याची चकती दिली. एकावर एक दोन तबकड्या फिरवून चाच्याचा वरचा चेहरा आणि खालचा चेहरा जुळवायचा आणि खिडकीत दिसेल तो आकडा गेमला सांगायचा. गेमचा नायक होऊ घातलेला चाचा, कथा चाच्यांची, बेट चाच्यांचं. बंदी तेवढी चाचेगिरीवर. झेरॉक्सचं यंत्र, कात्री आणि मधोमध टोचायला एक टाचणी असली की प्रश्न मिटत असे.

पण कागदी युगातला मुकुटमणी म्हणजे ‘लेन्सलॉक’. ‘एलिट’ हा अवकाशातल्या व्यापाराचा गाजलेला गेम १९८५ साली ब्रिटनमधल्या झेडएक्स स्पेक्ट्रम या कॉम्प्युटरसाठी आला, तेव्हा डब्यात प्लॅस्टिकचं एक घडीचं भिंग घातलेलं असे. पडद्यावर दोन अक्षरं मुद्दाम चिरफाड करून दाखवली जात. भिंग टीव्हीला टेकवायचं, एक डोळा मिटायचा, मान तिरकी करायची आणि अक्षरं ओळखायची. टीव्ही फार मोठा असला तर जमायचं नाही, फार छोटा असला तरी नाही. हे सगळं करूनही काही शेकडा गिऱ्हाइकांना अक्षरं दिसेचनात. डोळे तपासून घ्यावेत का असा विचार त्यांच्या मनात येत असतानाच कळलं, की कंपनीने त्यांच्या डब्यात दुसऱ्याच गेमचं भिंग घातलं होतं.

कागदी कुलपात एक माणुसकी होती, हे मान्य करायला हवं. भिंग हरवलं तर गिऱ्हाईक चरफडे, पण भिंग काही त्याच्या कपाटात शिरून बाकीच्या वस्तू हलवत नसे. २०००नंतरची कुलपं थेट घरात राहायला आली. ‘स्टारफोर्स’ हे रशियन कुलूप गेमबरोबर कॉम्प्युटरच्या गाभाऱ्यात स्वतःचा ड्रायव्हर बसवून ठेवी आणि गेम काढून टाकला तरी स्वतः बिऱ्हाड सोडत नसे. त्याच्यामुळे सीडी ड्राइव्ह बिघडतात अशी लोकांची ओरड होती, कंपनीला ती साफ अमान्य होती, आणि बहिष्काराची मोहीम उभी राहिली होती. अशात फेब्रुवारी २००६मध्ये स्टारडॉक नावाच्या छोट्या कंपनीने ‘गॅलॅक्टिक सिव्हिलायझेशन्स २’ हा गेम कुलूपच न लावता बाजारात आणला, आणि तो चांगला खपू लागला. यावर स्टारफोर्सच्या माणसाने काय करावं? त्या गेमची चोरटी प्रत कुठे मिळते, तिचा पत्ताच जाहीर करून टाकला! कुलूप न लावणाऱ्याच्या घरी कुलूपवाल्यानेच चोर धाडायचे, ही जाहिरातीची पद्धत फारशी रुजली नाही. एप्रिलमध्येच युबिसॉफ्ट या बड्या फ्रेंच कंपनीने स्टारफोर्सला नारळ दिला.

युबिसॉफ्टला शहाणपण आलं, असं मात्र कुणी समजू नये. २००८मध्ये ‘रेनबो सिक्स व्हेगस २’ ज्यांनी डीव्हीडी न घेता इंटरनेटवरून रीतसर विकत घेतला होता, त्यांना एका नव्या दुरुस्तीनंतर गेम म्हणू लागला, ‘डीव्हीडी घाला.’ जी कधी अस्तित्वातच नव्हती ती डीव्हीडी घालायची कुठून? कंपनीने उपाय म्हणून एक फाइल दिली. ती बसवली, गेम सुरू झाला, सगळे खूश. मग कुणीतरी फाइल उघडून आत डोकावलं, तर तिच्यात ‘रिलोडेड’ या चोरांच्या टोळीची सही. कंपनीचं कुलूप कंपनीलाच उघडेना, म्हणून कंपनीने चोराची किल्ली उसनी आणली होती. दिवाळी अंकातल्या विनोदी कथेत हा प्रसंग घातला असता, तर संपादकांनी ‘अतिशयोक्ती टाळा’ असा शेरा मारून साभार परत केला असता.

दोन वर्षांनी याच कंपनीने ठरवलं, की गेम घरात एकट्याने खेळायचा असला तरी इंटरनेट अखंड सुरू पाहिजे. तार हलली की गेम थांबणार. ‘असॅसिन्स क्रीड २’ला ही अट लागली आणि ‘सायलेंट हंटर ५’लाही. हा दुसरा गेम दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुडीचा. अटलांटिकच्या तळाशी, शत्रूला सुगावा लागू नये म्हणून श्वास रोखून बसलेली पाणबुडी. आणि ती दर घडीला फ्रान्सच्या कंपनीला ‘मी इथेच आहे’ असं कळवतेय. मार्च २०१०च्या पहिल्या आठवड्यातच कुणीतरी कंपनीच्या सर्व्हरवर हल्ला चढवला, सर्व्हर झोपले, आणि पैसे भरलेली पुष्कळ मंडळी रविवारची सुट्टी काळ्या पडद्याकडे बघत बसली. त्याच सुमारास महाराष्ट्रात गावोगावी भारनियमनाचं वेळापत्रक भिंतीवर टांगलेलं असे. आपल्याकडच्या एखाद्या संन्याशाने हा गेम विकत घेतला असेल, तर त्याला महावितरण, इंटरनेटवाला आणि पॅरिस अशा तिघांची मर्जी एकाच वेळी सांभाळायची होती. २०१२मध्ये कंपनीने ही अट सोडली.

पण कल्पना सुटली नव्हती. नुसती शेजारच्या घरी गेली होती. मे २०१२मध्ये ‘डायब्लो ३’ आला, तेव्हा जगभरच्या लोकांना सैतानाच्या आधी ‘एरर ३७’ भेटला. सर्व्हर गर्दीत आहेत, मागाहून या. दक्षिण कोरियात तर लोक इतके भडकले, की तिथल्या व्यापार आयोगाने ब्लिझर्ड कंपनीच्या कार्यालयाची झडती घेतली आणि कंपनीला पैसे परत द्यावे लागले.

मग मार्च २०१३, आणि पुन्हा इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचाच नवा ‘सिमसिटी’. हा प्रसंग सावकाश वाचावा असा आहे. नगर वसवायचं, रस्ते आखायचे, पाणी, वीज, गटारं सगळं आपण बघायचं. थोडक्यात, लोक नगरसेवकाला सांगतात पण तो करत नाही ते सारं घरबसल्या स्वतः करायचं. खेळ एकट्याचा, तरी इंटरनेट सक्तीचं. पहिल्याच दिवशी महापौरांची झुंबड उडाली आणि सर्व्हर कोसळले. शहरात शिरायला ताटकळावं लागे, शिरलेल्यांची वसवलेली शहरं गायब होत. कंपनीने भार हलका करण्यासाठी ‘चीता’ नावाचा वेगच काढून टाकला, म्हणजे गेम सगळ्यांसाठीच हळू केला. अॅमेझॉनने डाउनलोडची विक्री काही काळ चक्क थांबवली. इंटरनेटशिवाय का चालत नाही, असं लोक विचारत राहिले. उत्तर मिळालं, की शहराची बरीच आकडेमोड आमच्या सर्व्हरवर होते, ती घरच्या यंत्रावर आणणं हे सोपं काम नाही. थोड्याच दिवसांत एका हौशी माणसाने इंटरनेट काढून गेम चालवून दाखवला. शहराला त्याचा पत्ताही लागला नाही. गटारं वाहत होती.

नुकसानभरपाई म्हणून कंपनीने गिऱ्हाइकांना एक गेम फुकट देऊ केला. यादी दिली, यातला हवा तो निवडा. त्या यादीत होता ‘सिमसिटी ४’. दहा वर्षं जुना आणि इंटरनेटशिवाय धडधडीत चालणारा. नव्या गेमला बिनइंटरनेटची सोय आली ती वर्षभराने, मार्च २०१४मध्ये.

त्याच २०१३च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनची हकिगत सांगितली: यंत्राने चोवीस तासांतून एकदा इंटरनेटवर हजेरी लावलीच पाहिजे, आणि गेमची डिस्क मित्राला उसनी द्यायला वा जुन्या बाजारात विकायला अटी. ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांनी काय करायचं, असं विचारल्यावर अधिकारी म्हणाले, त्यांच्यासाठी आमच्याकडे वस्तू आहे की, एक्सबॉक्स ३६०. म्हणजे मागचंच यंत्र. सोनीने वादात न पडता एक चित्रफीत काढली. प्लेस्टेशन ४वर गेम दुसऱ्याला कसा द्यावा, याचं प्रशिक्षण. एक माणूस डबी पुढे करतो, दुसरा घेतो, थँक्यू म्हणतो. फीत संपली. पुढच्याच आठवड्यात, १९ जूनला, मायक्रोसॉफ्टने सगळ्या अटी मागे घेतल्या. गिऱ्हाइकांच्या ओरडीने एवढी मोठी कंपनी एवढ्या झटपट वळल्याची उदाहरणं फार नाहीत. अर्थात ती वळली ती ओरडीला भिऊन की त्या ‘थँक्यू’ला, हे सांगणं कठीण.

आता थोडं चोरांविषयी, कारण संन्याशाची बाजू घेताना चोरालाच संत ठरवायची खोड पुष्कळांना असते. काही गेमकारांनी कुलूप लावण्याऐवजी चोराची खोडी काढली, आणि तो प्रकार जास्त खेळकर होता. ‘क्रायसिस वॉरहेड’च्या चोरट्या प्रतीत बंदुकीतून गोळीऐवजी कोंबड्या सुटत. ‘सिरियस सॅम ३’मध्ये एक गुलाबी विंचू पाठीस लागे, तो मरत नसे आणि दमतही नसे. २००९च्या ‘बॅटमॅन: अर्कम असायलम’मध्ये बॅटमॅनचा झगा उघडेना, त्यामुळे तो तरंगायच्या ठिकाणी धपकन खाली पडे. एका बहाद्दराने हा दोष कंपनीलाच कळवला. कंपनीने उत्तर धाडलं, की दोष आमच्या प्रोग्रॅममध्ये नाही, तुमच्या नीतिमत्तेत आहे.

या सगळ्यांवर कडी केली ती ग्रीनहार्ट गेम्स या दोन भावांच्या चिमुकल्या कंपनीने. एप्रिल २०१३मध्ये त्यांनी ‘गेम डेव्ह टायकून’ आणला. गेमचा विषय: गेम बनवणारी कंपनी चालवणं. विक्री सुरू झाली त्याच दिवशी त्यांनी स्वतःच चोरट्या प्रतींच्या बाजारात एक प्रत सोडली. ती अगदी अस्सल चाले. फक्त खेळणाऱ्याची कंपनी काही वर्षांनी बुडायची, कारण लोक तिचे गेम विकत घेण्याऐवजी चोरायचे. पहिल्या दिवशी ही प्रत ३,१०४ जणांनी खेळली. विकत घेणारे २१४. म्हणजे शंभरातले जवळजवळ चौऱ्याण्णव चोर. आणि मग तक्रारी येऊ लागल्या: एवढे चांगले गेम बनवतो, लोक चोरतात, कंपनी बुडते, हा काय अन्याय? एकाने तर विचारलं, की या गेममध्ये डीआरएमचा शोध लावायची सोय आहे का?

त्या २१४ जणांची आठवण ठेवलेली बरी. गेमकारांचं दुःख खोटं नाही, आणि गिऱ्हाइकाचा रागही त्या दुःखावर नाही. राग आहे तो त्या दुःखाचं बिल २१४ जणांच्या नावे फाडण्यावर.

हे ज्यांना लवकर उमगलं त्यांत एक पोलिश कंपनी होती. सीडी प्रोजेक्ट १९९४मध्ये वॉर्सात सुरू झाली, तेव्हा तिथल्या बाजारात चोरट्या सीडींचे ठेले उघड लागत. त्यांच्याशी कज्जे करण्याऐवजी या लोकांनी १९९९मध्ये ‘बाल्डर्स गेट’ची पोलिश आवृत्ती अशी काढली, की डब्यात नकाशा, गाण्यांची सीडी, नियमपुस्तक आणि पोलिश आवाज, ठेलेवाल्याने किती गोष्टींच्या नकला कराव्यात? पुढे २००८मध्ये, म्हणजे ‘स्पोअर’च्याच वर्षी, त्यांनी जीओजी हे इंटरनेटवरचं दुकान काढलं: जुने गेम, स्वस्त, कुलूप अजिबात नाही. त्यांचा स्वतःचा ‘द विचर २’ २०११मध्ये आला, तेव्हा दुकानातल्या डब्याला कुलूप होतं आणि जीओजीवरच्या प्रतीला नव्हतं. चोरांनी मोकळी प्रत सोडून कुलूपवाली फोडली आणि तीच सगळीकडे वाटली. चोरांनाही कामात काही आव्हान लागतं, दुसरं काय. पण एवढ्या समंजस कंपनीचाही पाय घसरलाच. जर्मनीत संशयितांना वकिलाकरवी पैसे मागणारी पत्रं गेली, लोक खवळले, आणि जानेवारी २०१२मध्ये कंपनीने तो उद्योग आवरता घेतला.

व्हॉल्व्ह कंपनीचं ‘स्टीम’ही मुळात कुलूपच. २००४मध्ये ‘हाफ-लाइफ २’ बरोबर ते सक्तीने गळ्यात पडलं, तेव्हा लोकांनी बोटं मोडली होती. आज तेच लोक त्याच्या सवलतींच्या सेलची वाट बघतात. कुलूप तेच, पण दारात रांगोळी काढलेली.

रांगोळीवर विश्वास नसलेल्यांसाठी २०१४मध्ये ऑस्ट्रियातून ‘डेनुव्हो’ आलं. हे खरोखर दणकट निघालं. काही गेम महिनोन् महिने फुटले नाहीत. पण दणकट पहारेकरी खातोही दणकून. २०२१च्या ‘रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज’मध्ये भुताला गोळी घातली की पैसे भरलेल्या माणसाचा गेम अडखळे. जुलैमध्ये कुलूप काढलेली प्रत आली, आणि तीत भुतं विनासायास मरू लागली. तज्ज्ञांनी दोन्ही प्रती शेजारी ठेवून खात्री केली, तेव्हा कॅपकॉम कंपनीने दुरुस्ती दिली. संन्याशाला इथे नवंच दुःख झालं: चोराचा माल स्वस्त असतो हे माहीत होतं, तो जास्त चांगलाही असावा?

अलीकडचं भांडण आणखी पुढचं आहे. कुलूप उघडतं की नाही हा प्रश्नच नाही. कुलूपवाल्याने दुकान बंद करून किल्ली बरोबर नेली तर काय? ३१ मार्च २०२४ रोजी युबिसॉफ्टने (पुन्हा तेच) ‘द क्रू’ या दहा वर्षांच्या गाड्यांच्या गेमचे सर्व्हर बंद केले. एकट्याने गाडी हाकायची तरी सर्व्हर लागे, त्यामुळे गेम विकत घेतलेल्यांच्या हातात उरली ती डबी. रॉस स्कॉट या अमेरिकन माणसाने यावरून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. युरोपीय संघाकडे मागणी करायला दहा लाख सह्या लागतात. जुलै २०२५च्या अखेरीस चौदा लाखांहून अधिक जमल्या होत्या. मागणी साधी: दुकान बंद करा, पण जाताना आमच्या घरातला गेम चालता ठेवून जा. कॅलिफोर्नियात तर १ जानेवारी २०२५पासून कायदाच आला, की जी वस्तू कंपनी कधीही काढून घेऊ शकते, ती विकताना ‘हा नुसता परवाना आहे’ असं स्पष्ट सांगायचं. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५अ आलं; हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कुलूपवाला किल्ली घेऊन गेला तर त्याचं काय करायचं, यावर कलमात शब्द नाही.

‘स्पोअर’चं पुढे काय झालं? ओरड वाढली तशी तिनाच्या जागी पाच यंत्रं चालतील असं कंपनीने सांगितलं. डिसेंबर २००८मध्ये स्टीमवर तो सेक्युरॉमशिवाय आला. आणि आज तो जीओजीवर, त्या कुलूप न लावणाऱ्या पोलिश दुकानात मिळतो. कितीही कॉम्प्युटर बदला, एकपेशीय जीव मुकाट्याने पाण्यात उतरतो. पॅरिसलाही कळवत नाही आणि कॅलिफोर्नियालाही.